पहाटेच्या हाकेचा मान

ताई,

काल शनिवारी चुना भिजवला आणि तो उरला. यंदा एक थडगं वाढलं म्हणून मी अंदाजाने जास्त भिजवला होता. मामंजींचं रंगवून झालं, सासूबाईंचं झालं, भाऊजींचं झालं, त्या परक्या आजोबांचंही झालं, आणि मग बादली उचलून तुझ्यापाशी आले तर रंगवायला काही नाहीच. नुसता तांबड्या मातीचा उंचवटा आणि वर सुकलेली झेंडूची फुलं. एक पावसाळा गेल्याशिवाय माती बसत नाही आणि माती बसल्याशिवाय चिरे लावायचे नसतात, हे भाऊजींच्या वेळी तूच मला समजावलं होतंस. मी विसरले. घाटावरची ती घाटावरचीच राहिली म्हण. कुंच्यावरून चुना ओघळून चपलेवर पडत होता आणि मी तिथे उभी राहून तुला शिव्या देत होते. मोठ्याने. काजूच्या झाडाखाली बसलेले दोघं उठून पलीकडे गेले.

आज ईस्टर. दुपार झाली आहे, घरात कोणी नाही, आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. आज पहाटे स्मशानाच्या फाटकाशी जे झालं ते तुला सांगायचं आहे, पण एकदम सांगवत नाही. आधी बाकीचं बोलते.

एका घरात दोन जावा म्हटल्यावर लोक भांड्यांचा आवाज ऐकायला कान लावून बसतात. तो कधी आलाच नाही असं नाही, पण आपली खरी भांडणं मीठ-मसाल्यावरून झाली नाहीत. ती झाली येशूच्या दोन शिष्यांवरून, पेत्रावरून आणि थोमावरून. हे कोणाला सांगितलं तर हसतील. बांगडे साफ करता करता तू पेत्राची बाजू घ्यायचीस, मी थोमाची, आणि मांजर मध्ये बसून जिचा हात थांबेल तिच्या ताटातलं पळवायचं.

पेत्र तुझ्यासारखाच. आधी बोलणार, मग विचार करणार. तो नावेतून उतरून पाण्यावर चालायला गेला आणि वारा पाहून बुडायला लागला, तो प्रसंग तू मला किती वेळा ऐकवलास! "वसू, तो कोळी ना गो? जन्म पाण्यात गेला त्याचा. पोहायला येत नव्हतं काय त्याला? येत होतं. मंग बुडत होता कशाला?" मी म्हणायची, "घाबरला म्हणून." "मंग तेच! पोहणारा पण भ्यायला की बुडतो. त्याला काय अविश्वासी म्हणायचं?" आणि हातातला बांगडा माझ्यावर रोखून वर ऐकवायचीस, "तुझ्या थोमानं तर नावेतून पाय पण नाय काढला."

माझा थोमा. त्याच्यावर आख्ख्या जगाने अन्याय केला, असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही. त्याने काय जास्तीचं मागितलं होतं? बाकीच्या दहांना जे मिळालं तेवढंच. त्यांनी मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूला डोळ्यांनी पाहिलं, हा बिचारा तेवढा त्या संध्याकाळी बाहेर गेलेला. मी शाळेत विज्ञान शिकवते. करून पाहिल्याशिवाय वहीत उत्तर लिहू नका, हे सांगण्यात माझी नोकरीची सारी वर्षं गेली. मला थोमा नाही आवडणार तर कोण आवडणार?

आणि माझ्या हातात एक हुकमी पान होतं. कड्या. दहा जणांनी उठलेल्या प्रभूला पाहिलं, त्यांना आनंद झाला, त्यांनी थोमाला येऊन सांगितलं. छान. मग आठ दिवसांनी ते सगळे पुन्हा त्याच घरात, आणि दारं पुन्हा बंद. "ताई, पाहिलं होतं ना? मग कड्या कोणाच्या भीतीने?" यावर तू दरवेळी वेगळं उत्तर द्यायचीस, म्हणजे तुझ्याकडे उत्तर नव्हतं. एकदा तर म्हणालीस, "वारा असेल." पण डोंगरावर प्रभू समोर उभा असताना, त्याच्या पाया पडतानाही काही शिष्यांना संशय आला, असं शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय हे मी दाखवलं, तेव्हा तू मलाच गप्प केलंस. "लिहिलंय ना? लपवलं नाय ना? आपल्या चर्चच्या मंडळीच्या सभेचं इतिवृत्त असतं तर गाळलं असतं." मी पदरात तोंड लपवून हसले होते, कारण सभेचे चिटणीस बाहेर ओटीवरच बसलेले.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुला 'तुम्ही' म्हणायची. त्याचं 'तू' झालं ते त्या परक्या आजोबांमुळे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी घरच्यांची थडगी रंगवायची, ही रीत माझ्या माहेरी नगरकडेही होती, पण इथे ती फार कडक. तू माझ्या हातात केवड्याच्या पारंबीचा कुंचा दिलास, चुन्यात चिमूटभर नीळ टाकायला शिकवलंस, संध्याकाळी फुटलेल्या हातांना खोबरेल लावलंस. कोपऱ्यातलं ते झिजलेलं थडगं मामंजींच्या आजोबांचं, असं घरात सगळे म्हणायचे. अक्षरं केव्हाच गेलेली. मग एका वर्षी चर्चचे ते म्हातारे निवृत्त पाळक आले, काठीवर टेकून बघत राहिले आणि म्हणाले, "लीला, हे तुमचं नव्हे हो. तुमचं खालच्या दगडी गडग्याशी होतं. गडगा कोसळला त्या पावसात ते गेलं." हा कोण मग? त्यांनाही ठाऊक नव्हतं. कोणी नावेवरचा तांडेल असेल म्हणाले.

म्हणजे आपल्या घराने दोन पिढ्या भलत्याच माणसाला चुना लावला, असं मी म्हणाले आणि हसत सुटले. तू हसली नाहीस. "असूदे. इतकी वर्षं केलं ना आपण त्याचं? मंग तो आपलाच आजा." आणि कुंचा बुडवलास. मला राहवेना. मी म्हटलं, "हाच तुमचा विश्वास, ताई. थडगं कोणाचं ते माहीत नाही, पण चुना दरवर्षी. कोण जाणे, त्या पहिल्या ईस्टरला बायकासुद्धा येशूचं समजून अंधारात भलत्याच थडग्याशी गेल्या असतील. ते रिकामं निघालं आणि तिथून हे सगळं सुरू झालं."

तू कुंचा खाली ठेवलास. वाटेत बोलली नाहीस, घरी बोलली नाहीस, दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या जेवणातही माझ्या पानात वाढलंस ते न बघता. आठवडाभर हे चाललं. शेवटी मी ओट्यावर पातेलं आपटून ओरडले, "बोल ना तू काहीतरी! शिव्या दे, पण बोल!" 'तू' तोंडातून निसटलं आणि माझं मलाच भान आलं. तू नारळ खवत होतीस. खवता खवता म्हणालीस, "चुकल्या पण असतील. अंधार होता, रडत होत्या. पण गेल्या गो त्या. तुझे अकरा जण कड्या लावून बसलेले. आणि गेल्या कशाला? उठलाय म्हणून नाय गेल्या. मेलाय म्हणून गेल्या. त्याच्या अंगाला सुगंधी तेल लावायचं राहिलं होतं म्हणून गेल्या." मग खोबरं माझ्याकडे सरकवून, "आणि 'तू' म्हणालंस ते बरं झालं. तुम्ही-तुम्ही करून जीव काढला होतास माझा."

मी पाळकाची मुलगी, आणि तरी अशी शंकेखोर. लोकांना याचं नवल वाटतं, तुला कधी वाटलं नाही. माझ्या बाबांना मी व्यासपीठावर पाहिलं तसं शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातही पाहिलं होतं. डोकं धरून बसायचे आणि आईला विचारायचे, उद्या मी काय सांगू? दुसऱ्या दिवशी त्यांचा उपदेश ऐकून बायका रडायच्या. मी रडत नसे, मला शनिवार आठवायचा. हे मी जगात फक्त तुला सांगितलं. तू म्हणाली होतीस, "तरी रविवारी उभे राहिले ना ते? बस तर." बाबा गेले तेव्हा तू एसटीत माझ्याशेजारी बसून नगरपर्यंत आलीस. घरात माणसांची रीघ, प्रत्येकाच्या तोंडी एक वचन. मला त्यातलं एकही ऐकवत नव्हतं, आणि हे माझ्या सख्ख्या भावाला कळलं नाही. तुला कळलं. तू दारात उभी राहून, त्या अनोळखी गावात, नगरच्या बायकांना कोकणी हेल काढून सांगितलंस, "वचनं मंग. आधी तिला जेवू दे." माझ्या आयुष्यात कोणी माझ्यासाठी याहून मोठी प्रार्थना केलेली नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं. किती सोपं होतं सांगणं, आणि आपण रोज तेवढ्या गप्पा मारत होतो.

आता त्या मानाचं.

कोकणात पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिली चूड कोणी लावायची, याचे मान घराघरांत वाटलेले असतात. आपले पूर्वज ख्रिस्ती झाले, पण मानाची हौस काही सुटली नाही. ईस्टरला पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन स्मशानाच्या फाटकाबाहेर जमते. आपल्या घरचं एक माणूस आत एकटं उभं राहतं आणि तिथून ओरडून सांगतं, "प्रभू उठला आहे!" बाहेरचे म्हणतात, "खरोखर उठला आहे!" आणि मगच फाटक उघडतं. मामंजींनी हे केलं, मग भाऊजींनी. भाऊजी गेल्यावर सभेत प्रश्न आला. आमचे हे मस्कतला, दुसरा पुरुष घरात नाही, तेव्हा मान शेजारच्या घराला द्यावा असं ठरत होतं. तू मागच्या बाकावरून उठलीस. "पहिली बातमी कोणी आणली? बायकांनी. ती ऐकून अकरा पुरुष काय म्हणाले? बडबड. तुमचं पण तेच म्हणणं असेल तर तसं लिहून ठेवा." चिटणीसांनी पेन बंद केलं.

त्यानंतर दरवर्षी तू. तुझा आवाज बंदरापर्यंत जात असणार. मी बाहेर मेणबत्ती धरून उभी असायची, मनात शंभर शंका, आणि तुझी हाक आली की अंगावर काटा यायचा. प्रभू उठला की नाही मला माहीत नव्हतं. आत उभ्या बाईला ते पक्कं माहीत आहे, एवढं मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर माझं चाललं होतं.

म्हणूनच दवाखान्यातली ती दुपार मला सोडत नाही.

तुझ्या छातीत पाणी झालेलं. आताचे पाळकसाहेब आले, त्यांनी प्रार्थना केली, तू मास्क बाजूला करून खणखणीत आमेन म्हणालीस. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा वळून बघायला लागली. ते गेले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून परत आले तर तू छताकडे बघत होतीस. माझं मनगट धरलंस. हात गार होता. "वसू, खरंच असेल काय गो?"

"काय?"

"ते सगळं."

ताई, मला हा प्रश्न कोणीही विचारावा, तू विचारायला नको होतास. माझ्याकडे उलटतपासणीचे प्रश्न होते, दुसऱ्या बाजूचं उत्तर तुझ्याकडे असायचं. आपली वाटणीच तशी होती. तुझ्या डोळ्यांत भीती होती. मी ती ओळखली, कारण ती माझी होती, मी तिच्यासोबत लहानाची मोठी झाले. मी काय म्हणायला हवं होतं? आहे म्हणू? कशाच्या जोरावर? नाही म्हणू? तुला? मी म्हटलं, "माहीत नाही, ताई. मी इथे आहे."

तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "मंग बरोबर. मला वाटलं, आता तू पण खोटं बोलतंस की काय." आणि डोळे मिटलेस. हात सोडला नाहीस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेलीस.

मंग बरोबर म्हणजे काय, ताई? काय बरोबर? माझं न खोटं बोलणं? की तुला आतून जे वाटायला लागलं होतं ते? तू मला तपासून बघत होतीस, की बुडता बुडता हात वर केला होतास आणि मी, जिला धड पोहताही येत नाही, तुझ्यासमोर उभी होते? मी हे वाक्य उलटंपालटं करून झोपते आणि उलटंपालटं करून उठते. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न, आणि ज्या एका माणसाला विचारायचा ते मातीखाली.

अंत्यविधीला सगळे म्हणाले, लीलाताई विश्वासात झोपी गेल्या. उपासनेत म्हणाले, स्मशानात म्हणाले, फोनवर म्हणाले. माझ्या मुलीनेही म्हटलं, जिला तू वाढवलंस, आणि ती रडत पुण्याला परत गेली. मी मान हलवली. मला काय माहीत आहे ते कोणाला सांगू? आणि मला तरी काय माहीत आहे?

लोकांना वाटतं, संशयी माणसाला दुःख कमी होत असेल, त्याने आधीच काही धरलेलं नसतं. खोटं आहे. मी तुला धरलं होतं. इतकी वर्षं मी शंका घेतल्या त्या तुझ्या जिवावर. घरात एक विश्वासू बाई होती म्हणून मला संशयी व्हायची चैन परवडली. थोमाचंही तसंच असणार. त्याने छातीठोकपणे सांगितलं, पाहिल्याशिवाय मानणार नाही. कारण ते ऐकायला दहा जण समोर बसलेले होते, जे मानत होते. ते दहाही गेले असते तर त्या रिकाम्या खोलीत तो कोणाला सांगणार होता? परवा माझ्या लक्षात आलं, मी भर दुपारी दाराला कडी घालून बसते. या गल्लीत दुपारी कोण कडी घालतं? कोणाच्या भीतीने, हे मी तुला इतकी वर्षं विचारत होते ना? कोणाच्याच नाही. उघडं दार बघवत नाही, एवढंच. तू दिलेल्या सगळ्या उत्तरांपेक्षा हे बरं आहे, आणि तू ऐकायला नाहीस.

एकदा तुझ्या खाटेवर बसून तुझ्यासारखी प्रार्थना करून पाहिली. तू करायचीस तशी, शेजारणीशी बोलल्यासारखी. पहिल्याच वाक्याला माझा आवाज मला इतका परका वाटला की मी उठून गेले आणि नारळ फोडत बसले.

अशात मागच्या आठवड्यात पाळकसाहेब आले. पहाटेच्या हाकेचं काय करायचं, म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मान शेजारच्या घराला देऊन टाका. माझ्याच्याने होणार नाही. का होणार नाही ते विचारू नका." ते खाली बघत म्हणाले, "लीलाताई ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आधीच सांगून गेल्या आहेत. मान वसूला द्यायचा." मी म्हटलं, त्यांना माझं माहीत नव्हतं का? "मी तेच विचारलं त्यांना. म्हटलं, वसुधाताईंना चालेल का? तर म्हणाल्या, चालणार नाय, म्हणून तिलाच द्यायचा. ती खोटं बोलत नाय."

चहा न घेताच गेले ते. मग मला तुझा असा राग आला, ताई, की तू समोर असतीस तर मी खरंच काहीतरी फेकून मारलं असतं. जी बाई खोटं बोलत नाही म्हणतेस, तिला तू हे वाक्य ओरडायला देतेस? तुझ्या ताज्या मातीसमोर? ओरडले तर मी खोटी. नाही ओरडले तर मामंजींपासून चालत आलेला, तू सभेत भांडून मिळवलेला मान माझ्या हातून जाणार, आणि सगळी मंडळी बाहेर अंधारात तिष्ठत राहणार. तुला हे कळत होतं. कळून केलंस.

तर आज पहाटे.

मी गेले. का गेले ते विचारू नकोस. फाटकातून आत गेले, मागे कडी घातली, आणि एकटी उभी राहिले. तुझी जागा फाटकापासून जवळच, चार हातांवर. बाहेर मेणबत्त्या दिसत होत्या, माणसं दिसत नव्हती. समुद्राकडून गार वारा होता. आजूबाजूला काल रंगवलेली थडगी पांढरी दिसायला लागली होती आणि त्यांच्यामध्ये तुझी माती तेवढी काळी. गाणं संपलं. सगळे गप्प झाले. आता मी बोलायचं होतं.

मी तोंड उघडलं. 'प्रभू' एवढं मनात आलं, ओठांपर्यंतही आलं. पुढचं येईना. बाहेर कोणीतरी खोकलं. कोणीतरी हळूच म्हणालं, थांबा, बोलतील. मी तुझ्या मातीकडे बघत होते. मी पुन्हा तोंड उघडलं आणि माझ्या पोटातून जे आलं ते हे होतं:

"ताई! ऊठ गो! ऊठ!"

इतक्या मोठ्याने की काजूवरचे कावळे उडाले. मी जन्मात कोणाला 'गो' म्हणून हाक मारलेली नाही, तुला ठाऊक आहे. पुन्हा ओरडले. "ऊठ गो ताई!" आवाज फाटला. मी मातीत गुडघ्यांवर बसले होते, कधी बसले ते आठवत नाही.

बाहेर एकदम शांत. मला वाटलं, झालं. घरचा मान मी मातीत घातला. मग एक पुरुषी आवाज आला, म्हातारा, थरथरता. चिटणीसांचा. "खरोखर उठला आहे." मग आणखी एक-दोन. मग सगळे. त्यांना मी काय ओरडले ते नीट ऐकू आलं होतं, ताई. त्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. पाळकसाहेबांनी फाटकाच्या गजांतून हात आत घालून कडी काढली.

लोक आत आले, आपापल्या थडग्यांशी गेले, मेणबत्त्या लावल्या. माझ्याजवळ कोणी आलं नाही, आणि कोणी एक वचनही बोललं नाही. एका बाईने नुसता खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

आणि आता जे सांगते ते फक्त तुला. मी तिथून हलले नाही. मी विज्ञान शिकवते. मेलेलं माणूस उठत नाही, हे मला तुझ्या पेत्राहून पक्कं ठाऊक आहे. आणि तरी मी त्या मातीकडे टक लावून बघत बसले होते. खरंच बघत होते, ताई. हाक मारली होती, म्हणून उत्तराची वाट बघत होते. माती कुठे हलते का, एखादं ढेकूळ तरी घरंगळतं का. उजाडलं. ऊन आलं. मेणबत्त्या विझल्या, माणसं पांगली. माती हलली नाही.

पाळकसाहेब फाटकाशी उभे होते. म्हणाले, "वसुधाताई, चला आता घरी. सगळे गेले."

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी थोडी थांबते."